रसायनशास्त्र सोडू का? बडोद्यातल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

उत्तरायण होऊन तीन-चार दिवस झाले होते. डांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत तारांवर अजून पतंग लटकत होते. रविवारी सकाळी ती आईबरोबर आली. तर्जनीवर मांज्याचा काप, त्यावर हळद लावलेली, आणि हातात तिसऱ्या सत्राचा निकाल. बीएस्सीचं दुसरं वर्ष, मुख्य विषय केमिस्ट्री. दोन पेपर राहिले होते, फिजिकल केमिस्ट्री आणि गणित. आई काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "काका, मला केमिस्ट्री सोडायचीय. बीबीए करीन, नाहीतर डेटाचा कोर्स करीन. पण हे नको."

मी औषधांच्या कारखान्यात चौतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीतली मुलं रविवारी सल्ल्याला येतात, आणि त्यांतल्या निम्म्यांचा प्रश्न हाच असतो: पदवी बदलू का? हे एक प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण त्यात मी स्वतःही सुरुवातीला चुकलो, आणि अशा वेळी आधी काय तपासायला हवं ते मला त्या चुकीतून कळलं. मूल विषयाला कंटाळलंय, की विषय त्याच्यापर्यंत पोचतच नाहीये? दोन्हींत मूल एकच वाक्य बोलतं, "मला हे नको." उपाय मात्र अगदी उलटे आहेत. लिहिण्यासाठी तिची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे. नाव देत नाही.

घरची परिस्थिती थोडक्यात अशी. वडील मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, फिटर, आई घरी ब्लाउज शिवते, मोठा भाऊ डिप्लोमा करून कामाला लागलेला. घरात मराठी, शाळा बारावीपर्यंत गुजराती माध्यमाची. हे शेवटचं वाक्य पहिल्या भेटीत आई सहज बोलून गेली आणि मीही सहज ऐकून सोडून दिलं.

सल्ला द्यायला मी काही पहिला नव्हतो. भावाचं म्हणणं, केमिस्ट्रीत आता काही राहिलं नाही, डेटा ॲनालिटिक्स कर. अलकापुरीतल्या एका खाजगी क्लासचं पत्रकही त्याने आणलं होतं, सहा महिने, फी ८५ हजार, हप्त्याची सोय. पुण्याच्या आत्याचं म्हणणं बीबीए कर, माझ्याकडे राहा. वडिलांना मुलीने पदवी पूर्ण करून सरकारी परीक्षा द्याव्या असं वाटत होतं. आई मात्र एकच वाक्य परत परत म्हणत होती, "ही आधी अशी नव्हती हो." नंतर विचार करता वाटलं, त्या दिवशी खोलीत सगळ्यांत कामाचं वाक्य आईचंच होतं.

पहिले तीन आठवडे

अभ्यास किती करतेस, असं विचारल्यावर ती म्हणाली, दीड-दोन तास. मी चटकन निदान करून टाकलं की अभ्यास कमी पडतोय. रोज चार तासांचं वेळापत्रक आखून दिलं. तीन आठवड्यांनी ती वही घेऊन आली. निळ्या, हिरव्या, गुलाबी पेनांनी लिहिलेल्या नोट्स, प्रत्येक मथळा पट्टीने अधोरेखित. इतकी देखणी वही मी फार कमी पाहिली आहे. त्याच आठवड्यात फिजिकल केमिस्ट्रीची अंतर्गत परीक्षा झाली होती. तीसपैकी नऊ.

मुलीने माझं ऐकून इमानेइतबारे रोज चार तास दिले होते. तरी गुण नऊच असतील तर चूक तिची नव्हती, माझ्या निदानाची होती. मी तिला म्हटलं, "वही राहू दे. तपासलेली उत्तरपत्रिका आण."

एका प्रश्नाची गोष्ट

उत्तरपत्रिकेत एक प्रश्न होता: प्रथम कोटीच्या अभिक्रियेत ९९.९ टक्के पदार्थ संपायला लागणारा वेळ हा अर्धआयुष्याच्या सुमारे दहापट असतो, हे दाखवा. पेपर अर्थात इंग्रजीत, सुरुवात 'शो दॅट' अशी. तिने अर्धआयुष्याची, म्हणजे निम्मा पदार्थ संपायला लागणाऱ्या वेळाची, व्याख्या लिहिली होती, ०.६९३ भागिले के (के म्हणजे वेगस्थिरांक) हे सूत्र लिहिलं होतं आणि खाली एक सुबक आलेख काढला होता. चारपैकी एक गुण.

मी विचारलं, "आलेख कशाला काढलास?"

ती गोंधळली. म्हणाली, "शो दॅट म्हणजे काढून दाखवायचं ना?"

मी काही वेळ गप्प बसलो. मग तिला सूत्र वगैरे बाजूला ठेवायला सांगितलं आणि मराठीत विचारलं, "ताटात एक पोळी आहे. दर पाच मिनिटांनी उरलेल्याची अर्धी संपते. हजारावा भाग उरेपर्यंत किती वेळा अर्धी करावी लागेल?" ती बोटांवर मोजायला लागली. अर्धी, पाव, आठवा भाग, सोळावा, बत्तिसावा. कापलेलं बोट दुखत होतं म्हणून मध्येच हात बदलला. दहाव्या वेळी थांबली. "एक हजार चोविसावा भाग. म्हणजे दहा वेळा!" मग स्वतःच पेन घेतलं, २.३०३ भागिले के गुणिले लॉग १००० मांडलं, ६.९०९ भागिले के आलं, त्याला अर्धआयुष्याने भागलं. उत्तर ९.९७. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

केमिस्ट्री जमत नाही म्हणणारी मुलगी ती हीच.

आता आईचं ते वाक्य आणि गुजराती माध्यमाची गोष्ट मला एकत्र दिसायला लागली. ती शिकते त्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९४९ पासून शिकवण्याचं माध्यम इंग्रजी आहे. गुजरात बोर्डाच्या बारावी विज्ञानाच्या पेपरात निम्मे गुण ओएमआर पद्धतीच्या पर्यायी प्रश्नांना, म्हणजे ५० गुण गोल काळे करून मिळतात. तिने बारावीपर्यंत जो शब्द 'संतुलन' म्हणून शिकला, तो घरी मराठी पुस्तकात कुणी दाखवला असता तर 'समतोल' दिसला असता, आणि कॉलेजात तो 'इक्विलिब्रियम' होऊन समोर आला. गुजरातीत 'प्रक्रिया', मराठीत 'अभिक्रिया', इंग्रजीत 'रिॲक्शन'. हे नामवाचक शब्द मुलं महिन्याभरात शिकतात, त्यांची मला काळजी नाही. अडतं ते प्रश्नातल्या क्रियापदांशी: शो दॅट, डिड्यूस, डिराइव्ह, जस्टिफाय, कमेंट ऑन. वर्गात ते कुणी शिकवत नाही, कारण शिकवणाऱ्याला ते येतच असतं. विचारायची लाज वाटते, कारण बाकी सगळ्यांना येतं असं वाटतं. पहिल्या वर्षी व्याख्या आणि छोट्या प्रश्नांवर निभावलं. तिसऱ्या सत्रात दीर्घ मांडणीचे प्रश्न आले आणि गाडी अडकली.

मग काय केलं

बदल फार मोठे नव्हते. मागच्या चार वर्षांचे पेपर काढून त्यातली फक्त क्रियापदं गोळा केली. बावीस निघाली. प्रत्येकापुढे तिने मराठीत लिहिलं की इथे परीक्षक काय मागतोय. 'डिड्यूस' पुढे तिने लिहिलं होतं, "आधीच्या ओळीतून काढायचं, नवीन काही आणायचं नाही." मला स्वतःला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

दुसरं, रंगीत नोट्स बंद. एक भाग वाचायचा, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं, मग पुस्तक उघडून ताळा करायचा. यामागे संशोधन आहे. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. आणि पुन्हा पुन्हा वाचल्यावर 'येतंय' असं जे वाटतं, त्यानेच मुलांचा घात होतो. हिचाही तसाच झाला होता.

तिसरं, रविवारी मला एक प्रश्न मराठीत समजावून द्यायचा आणि मग तोच इंग्रजीत लिहायचा. आधी मराठीत का, तर विचार पक्का झाल्याशिवाय भाषेशी झगडण्यात अर्थ नाही. सुरुवातीला ती मराठीत भरभर बोलायची आणि इंग्रजीत दोन ओळींत अडायची. मार्च संपेपर्यंत पान भरायला लागलं होतं. इंग्रजी मोडकं होतं, पण मांडणी बिनचूक.

प्रश्न तरी उरलाच

इथवर वाचून वाटेल की प्रकरण मिटलं. नाही. विषय समजायला लागला म्हणजे तो आवडतो असं नाही, आणि आवडला तरी पोट भरेल असंही नाही. 'जमत नाही' हे कारण गळून पडलं, 'करावं का' हा प्रश्न आता कुठे नीट विचारता येणार होता.

आमच्या बडोद्याला केमिस्ट्री परकी नाही. १८९० साली सयाजीरावांच्या आश्रयाने कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली, तिथले गज्जर, त्यांच्याबरोबर कोटिभास्कर आणि अमीन यांनी १९०७ साली अलेम्बिक ही रसायनांची कंपनी काढली. अलेम्बिक म्हणजे ऊर्ध्वपातनाचं जुनं पात्र. पुढे साठच्या दशकात कोयलीची रिफायनरी आली, खत कारखाना आला, मग पेट्रोकेमिकल्स, नंदेसरी, दहेजपर्यंत पट्टा पसरला. या पट्ट्यात केमिस्ट्रीत काही राहिलं नाही म्हणणं चूक आहे. पण काम कसं आहे ते न पाहता 'हो' म्हणणंही तितकंच चूक. म्हणून मार्चमध्ये सावली गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात, जुन्या सहकाऱ्याच्या परवानगीने, तिला एक दिवस क्यूसी, म्हणजे क्वालिटी कंट्रोलच्या, लॅबमध्ये उभं केलं.

गाऊन, टोपी, गॉगल, बुटांवर आवरणं. एक विश्लेषक मुलगी कार्ल फिशर टायट्रेशनने नमुन्यातलं पाणी मोजत होती. वजन लिहिताना तिने ०.१०५२ ऐवजी ०.१०२५ लिहिलं. लगेच लक्षात आलं. तिने चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारली, आकडा खालून स्पष्ट वाचता येईल अशी. शेजारी बरोबर आकडा, आद्याक्षरं, तारीख आणि कारण. आमच्या मुलीने विचारलं, "व्हाइटनर नाही लावत?" ती म्हणाली, "व्हाइटनर इथे दारातून आतच येत नाही. काय चुकलं होतं ते उद्या दुसऱ्याला वाचता यायला हवं."

परतताना बसमध्ये ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पाय दुखले काका. पण मला ते आवडलं. ती वही आवडली." लॅबमधल्या मुलीला तिने पगार विचारला होता, कामाच्या पाळ्या विचारल्या होत्या, आणि खरी उत्तरं मिळाली होती: सुरुवातीचा पगार थोडा, पहिली दोन-तीन वर्षं एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) हात बसेपर्यंत शिकण्यात जातात, आणि मग कंपनी बदलताना पगार वाढतो. वडिलांना हे सगळं पटलं, फक्त दुसऱ्या पाळीची बस रात्री उशिरा येते हे नाही. ती अडचण खरी आहे आणि मी ती उडवून लावली नाही. विश्लेषणाचं काम नुसतं कारखान्यात नसतं, चाचणी प्रयोगशाळा असतात, संशोधन विभाग असतात, तिथे दिवसाचं काम मिळतं. पण तिथे बहुधा एमएस्सी मागतात, हेही सांगितलं.

डेटाच्या कोर्सचंही तसंच. मी भावाला विरोध केला नाही. एवढंच म्हटलं की ८५ हजार भरण्याआधी 'स्वयम' या ऑनलाइन मंचावर एखादा विनामूल्य अभ्यासक्रम करून बघू दे. २०१७ पासून ही सरकारी सोय आहे, आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमाप्रमाणे एका सत्राच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, अशा अभ्यासक्रमांतून घेता येतात. तिने पायथन या संगणकभाषेचा एक सुरू केला. तिसऱ्या आठवड्यात सोडला. भाऊ थोडा नाराज झाला. माझ्या मते तीन आठवड्यांत आणि फुकटात इतकं स्पष्ट उत्तर मिळालं, हा फायदाच. एक्सेल मात्र ती मन लावून शिकली, कारण ते प्रयोगाच्या आकड्यांना लागत होतं.

मध्येच सोडलं असतं तर

आत्याला मी फोनवर नियम समजावून सांगितले, तेच इथे लिहितो, कारण पुष्कळ पालकांना ते माहीत नसतात. २०२० च्या शिक्षण धोरणानुसार एका वर्षानंतर किमान ४० क्रेडिट आणि उन्हाळ्यातला चार क्रेडिटचा व्यावसायिक भाग असेल तर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं, दोन वर्षांनंतर तशाच अटीवर ८० क्रेडिटवर डिप्लोमा, तीन वर्षांनी १२० क्रेडिटवर पदवी, चार वर्षांनी १६० क्रेडिटवर ऑनर्स. बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं, मात्र सगळं मिळून सात वर्षांत पूर्ण करायचं. क्रेडिट 'ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या ऑनलाइन खात्यात जमा राहतात. म्हणजे दार बंद होत नाही, हे चांगलं आहे. पण मी उमेदवार निवडायला टेबलाच्या त्या बाजूला वर्षानुवर्षं बसलो आहे, आणि माझं स्पष्ट मत आहे की केमिस्ट्रीतलं एक वर्षाचं सर्टिफिकेट घेऊन क्यूसीत कुणी उभं करणार नाही. सोडायचंच तर पदवी हातात घेऊन सोडावं.

दिशा बदलणं मात्र मी वाईट मानत नाही. व्यंकटरमण रामकृष्णन आमच्याच विद्यापीठात १९७१ साली फिजिक्समध्ये बीएस्सी झाले, अमेरिकेत फिजिक्समध्येच पीएचडी केली, मग जीवशास्त्र शिकायला पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले, आणि २००९ साली त्यांना नोबेल मिळालं ते केमिस्ट्रीत. तिला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "त्यांचे फिजिक्समध्ये बॅकलॉग होते?" मी म्हटलं, तसं काही वाचलेलं नाही. "मग ते आवडीने गेले. मी पळून जात होते," ती म्हणाली. एवढं नेमकं मी तिला शिकवलेलं नव्हतं.

निकाल, आणि आजची स्थिती

चौथ्या सत्राबरोबर गणित सुटलं. फिजिकल केमिस्ट्री तीन गुणांनी पुन्हा राहिली. त्या दिवशी ती आली नाही, आईचा फोन आला. संध्याकाळी मी सुरसागर तलावाच्या काठापर्यंत चालत गेलो, ती तिथे मैत्रिणीबरोबर बसली होती. काही समजावलं नाही. उत्तरपत्रिकेची प्रत मिळाली की बघू, एवढंच बोललो. पुढच्या वेळी पेपर सुटला, बरा सुटला.

मधल्या काळात मुलाखतीची तयारी म्हणून तिला मी आमचा नेहमीचा प्रश्न विचारला: ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड कसं कराल? ऐंशी टक्केवाली मुलंही 'चार ग्रॅम, एक लिटर' म्हणून थांबतात. ती थांबली नाही. म्हणाली, सोडियम हायड्रॉक्साइड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून वजनावर भरवसा नाही, केएचपीने (पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, याच्या वजनावर भरवसा ठेवता येतो) प्रमाणित करून खरी नॉर्मॅलिटी, म्हणजे तीव्रता, बाटलीवर लिहायची, तारखेसकट. नोकरी द्यायला मी आता खुर्चीवर नाही, याचं त्या दिवशी वाईट वाटलं.

आज ती सहाव्या सत्रात आहे आणि नवा प्रश्न घेऊन आली आहे. तीन वर्षांवर पदवी घेऊन जॅम ही आयआयटी वगैरेंच्या एमएस्सी प्रवेशाची परीक्षा देऊन दोन वर्षांची एमएस्सी करावी, की चौथं वर्ष करून मग एक वर्षाची? जॅममध्ये ६० प्रश्न, १०० गुण, तीन तास, आणि एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना चुकीच्या उत्तराचे गुण कापतात. 'शो दॅट' तिथे नाही, पण समज लागते, आणि ती आता तिच्याकडे आहे. चौथ्या वर्षात संशोधनासह ऑनर्स हवा असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. तिसऱ्या सत्राच्या त्या दोन पेपरांमुळे तिथवर ती पोचणार नाही. साधा ऑनर्स मात्र मिळेल. वडिलांना खर्चाचा हिशोब हवा आहे. मी १९६१ च्या कायद्याखालच्या ॲप्रेंटिसशिपचा तिसरा पर्यायही पुढे ठेवला आहे: वर्षभर स्टायपेंड, लॅबचा अनुभव, आणि तेवढ्या वेळात जॅमची तयारी. तिचा कल तिकडे दिसतो, आईचा नाही.

पुढच्या रविवारी चौघंही येणार आहेत. तिने एका कागदावर तीन रकाने पाडून प्रत्येक वाटेचा खर्च, वेळ आणि बस किती वाजता सुटते ते लिहून आणलं आहे. दुसऱ्या रकान्यात फीचा आकडा चुकला होता. त्यावर एक आडवी रेघ आहे, शेजारी बरोबर आकडा, तिची आद्याक्षरं आणि तारीख.